अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात दोघांचीच निवांत सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या रस्त्यांवर दोघांनीच गाडी घेऊन फिरायचे म्हटले की तेच ते प्रश्न येतात. विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे न्यू जर्सी, सिअ‍ॅटल किंवा बे एरियात नोकरी करणारे, मुले कॉलेजात गेल्यावर पुन्हा मोकळे झालेले जोडपे. दुसरे म्हणजे लेकीकडे-मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि बेसमेंटला कंटाळलेले निवृत्त काका-काकू. दोघांनाही उपयोग होईल अशा बेताने उत्तरे दिली आहेत. अंतरे मैलांतच ठेवली आहेत, कारण गाडीचा काटाही मैलांतच बोलतो.

१. पर्याय नकोत, एकच मार्ग सांगा. कुठून कुठे जायचे?

फिनिक्सला उतरून गाडी घ्या आणि फिनिक्सलाच परत करा. फिनिक्स, सेडोना, ग्रँड कॅनियनचा साउथ रिम (दक्षिण कडा), पेज, मॉन्युमेंट व्हॅली, चिन्ली, सांता फे, व्हाइट सँड्स (पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचे पार्क), टूसॉन आणि पुन्हा फिनिक्स. हे वर्तुळ पंधराशे ते सोळाशे मैलांचे, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या आसपास होते. निदान दोन आठवडे ठेवा. यात लांबचे टप्पे दोनच आहेत: चिन्ली ते सांता फे आणि व्हाइट सँड्स ते टूसॉन. दोन्हींना साधारण पाच तास लागतात. सांता फे ते व्हाइट सँड्स चारेक तासांचा आहे आणि बाकीचे टप्पे दोन-तीन तासांचे आहेत, त्यामुळे न्याहारी करून निघाले तरी जेवायच्या वेळेला पोहोचता.

२. एवढ्यासाठी दोन आठवडे? आमच्या मित्रांनी सहा दिवसांत झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅनियन आणि वेगास केले.

केले असेल. अमेरिकन रस्ते चांगले आहेत, होते ते. पण वाळवंटातला दुपारचा प्रकाश सपाट असतो. अकरा ते चार या वेळेत कॅनियनच्या कडेला उभे राहिलात तर समोर फिकट भिंत दिसते, आणि हे बघायला का आलो असा प्रश्न पडतो. खडकांना रंग आणि खोली येते ती सूर्य उगवल्यावर दोन तास आणि मावळण्याआधी दोन तास. रोज मुक्काम हलवणारा माणूस नेमक्या त्याच वेळी बॅगा भरत असतो किंवा हॉटेल शोधत असतो.

म्हणून आमचा एकच आग्रह आहे: जिथे जाल तिथे दोन रात्री राहा. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी खोलीवर येऊन ताणून द्या, साडेचारला पुन्हा निघा. वामकुक्षीची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे वेळापत्रक शिकवावे लागत नाही. दिवस कमी असतील तर ठिकाणे कमी करा, रात्री नको.

३. कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल-मेचा मध्य, किंवा सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात फिनिक्स-टूसॉनकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास खेळतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर होते. विदर्भातल्या मंडळींना त्याचे कौतुक नसेल, पण विदर्भात भर दुपारी दरीच्या कडेने फिरायला कोणी जात नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोत जोराचा वारा सुटतो आणि व्हाइट सँड्सला डोळ्यांत वाळू जाते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आल्बुकर्कीत गरम हवेच्या फुग्यांचा मोठा महोत्सव असतो. सकाळी शेकडो फुगे एकदम वर जातात, बघण्यासारखेच आहे, पण त्या दिवसांत सांता फेपर्यंत खोल्या महाग होतात. पावसाळ्याबद्दल प्रश्न १५ पाहा. हो, तिथेही पावसाळा असतो.

४. वाळवंट म्हणजे गरम कपडे नकोत ना?

हवेत. साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. सांता फेही जवळपास रिमइतकेच उंच आहे. फिनिक्स मात्र साडेतीनशे मीटरच्याही खाली, त्यामुळे सकाळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि संध्याकाळी स्वेटर, टोपी हे एकाच दिवसात होऊ शकते. एप्रिलमध्ये रिमवर बर्फ पडला तर नवल नाही. उंचीवर पहिला दिवस धाप लागते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सेडोनाहून वर गेल्यावर अर्धा दिवस सावकाश घ्यावा.

५. भारतीय लायसन्सवर गाडी मिळते का?

पर्यटक म्हणून आलेल्यांना बहुतेक कंपन्या देतात, कारण महाराष्ट्राच्या कार्डावर इंग्रजी मजकूर असतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. तो एक वर्ष चालतो, आणि वाटेत पोलिसाने थांबवले तर समजावत बसावे लागत नाही. मूळ लायसन्स सोबत हवेच, परवाना एकटा चालत नाही.

दोघेही चालवणार असाल तर दोघांची नावे करारावर घाला. पती-पत्नीला जादा चालकाचे पैसे न लावणाऱ्या कंपन्या आहेत, पण नाव नसताना अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायची गाडी बरीच महाग पडते. वर्तुळ सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

६. नॅशनल पार्कचा पास काढावा का? पाहुण्यांना वेगळा दर आहे म्हणतात.

आहे. अमेरिकेच्या रहिवाशांसाठी वार्षिक पास ८० डॉलरचा. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी तोच पास २५० डॉलरचा झाला. पाहुण्यांकडे पास नसेल तर गर्दीच्या अकरा पार्कांत नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडतात. ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस त्या अकरांत येतात, व्हाइट सँड्स आणि टूसॉनजवळचे सग्वारो येत नाहीत. पाहुणे जोडप्याला या मार्गावर एक पास काढणे बहुधा परवडते. गाडीत रहिवासी मुलगा आणि पाहुणे आई-वडील असे मिश्रण असेल तर निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा आणि ओळखपत्रे हाताशी ठेवा.

हा पास कुठे चालत नाही, हा प्रश्नही नेहमी येतो. मॉन्युमेंट व्हॅली आणि पेजजवळची अँटिलोप कॅनियन ही अरुंद घळ नवाहो आदिवासींची, हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाचा वाहनतळ पेज शहराचा, मीटिअर क्रेटर हे उल्काविवर खासगी. चारही ठिकाणी वेगळे पैसे.

७. पेट्रोल, पाणी, नेटवर्क?

टाकी अर्धी झाली की भरा, इतका साधा नियम पाळा. पंपावर कार्ड घातल्यावर झिप कोड विचारतो आणि भारतीय कार्ड तिथे अडते. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगा आणि आधी पैसे भरा. हिरव्या मुठीचा नळ बहुतेक ठिकाणी डिझेलचा असतो, तो उचलू नका.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, गाडीत कायम. नवाहो भागात फोनची रेंज बराच वेळ गायब असते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहा. काकांकडे अशी एक डायरी असतेच.

८. ग्रँड कॅनियनला एक दिवस पुरतो का?

बघायला पुरतो. मुरायला पुरत नाही. पार्कच्या आतल्या खोल्यांचे बुकिंग तेरा महिने आधी उघडते आणि पटापट संपते. तरी रोज साइट उघडून बघत राहा, रद्द झालेल्या खोल्या येतात. नाही मिळाली तर पार्काबाहेरचे टुसायन, तेही नाही तर तासाभरावरचे विल्यम्स. विल्यम्स हे रूट ६६ वरचे गाव. १९८४ मध्ये नव्या महामार्गाने वळसा घातलेले हे त्या रस्त्यावरचे शेवटचे गाव, आणि अजून त्याच जोरावर जगते.

आत राहण्याचा फायदा म्हणजे पहाट. उठायचे, अंगावर शाल घ्यायची आणि चालत कडेला जायचे. पार्किंग शोधणे नाही.

समोर दिसते ते काय आहे, हे थोडे माहीत असले तर तासन्‌तास बसता येते. पायाखालचा वरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. तळाशी नदीजवळचा काळा खडक १७०-१८० कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा काळा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, त्या हिशेबात तो कालचा. गंमत अशी की त्या तळच्या खडकाला भूवैज्ञानिक विष्णू शिस्ट म्हणतात, आणि दरीतल्या दोन शिखरांची नावे विष्णू टेंपल आणि शिवा टेंपल अशी आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८०च्या सुमारास ती ठेवली. नकाशा घेऊन शोधा.

पेजकडे निघताना मागे न फिरता डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने बाहेर पडा. तिथला दगडी मनोरा मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९३२ मध्ये उभारला. कोलोरॅडो नदी तिथून चांगली दिसते.

९. मला चालायचे असते, ह्यांना बसायचे असते. दरीत उतरावे का?

उतरायची गरज नाही. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते आणि मोफत बस धावते. त्याच रस्त्याला समांतर कडेकडेने पायवाट आहे. चालणाऱ्याने चालावे, बसणाऱ्याने बसने पुढच्या थांब्यावर जाऊन बाकावर बसावे, आणि तिथे भेटावे. दोघांचेही समाधान होते आणि तासभर स्वतःपुरते मिळते. असा तासभर दोन आठवड्यांच्या प्रवासात फार गरजेचा असतो. परतीच्या बस सगळ्या थांब्यांवर थांबत नाहीत, फलक वाचा.

उतरायचेच असेल तर साउथ कैबाब वाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंत जा, येऊन-जाऊन दोन मैलांच्या आत. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. गड चढणाऱ्यांची इथे फसगत होते: गडावर आधी चढायचे असते आणि दमलो की उतार लागतो. इथे सगळे उलटे.

१०. नॉर्थ रिमही करावा का?

या सहलीत नाही. समोरासमोर दहा मैल दिसतो, पण रस्त्याने दोनशेहून अधिक मैल पडतात. हिवाळ्यात बंद असतो. शिवाय जुलै २०२५ च्या वणव्यात तिथले ऐतिहासिक लॉज जळून गेले.

११. अँटिलोप कॅनियन: अपर की लोअर?

गुडघे दुखत असतील तर लोअर नको, तिथे लोखंडी शिड्या आहेत. अपरची आतली जमीन सपाट आहे, तरी पायऱ्यांबद्दल बुकिंग करतानाच विचारा. वरून उतरणारे प्रकाशाचे झोत अपरमध्ये, आणि उन्हाळ्याकडच्या महिन्यांत भर दुपारीच दिसतात. दुपारी बाहेर पडावे असे या मार्गावरचे हे एकमेव ठिकाण. दोन्हीकडे नवाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि पाठपिशवीसुद्धा नेता येत नाही. गर्दी असते, मागून ढकलल्यासारखे वाटते, दर चढे आहेत. तरी जावे का? एकदा जावे.

१२. फोनवरची वेळ आपोआप बदलते. घड्याळ कोणते खरे?

सर्वांत जास्त टूर याच घोळात चुकतात. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्यातला नवाहो प्रदेश करतो. त्या नवाहो प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेला होपी या दुसऱ्या आदिवासींचा प्रदेश पुन्हा करत नाही. ट्यूबा सिटी हे नवाहो गाव आणि त्याला चिकटलेले मोएनकोपी हे होपी गाव यांच्यात उन्हाळ्यात एका तासाचा फरक असतो.

व्यवहारात एवढे लक्षात ठेवा. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ग्रँड कॅनियन आणि पेज अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर, मॉन्युमेंट व्हॅली, चिन्ली आणि न्यू मेक्सिको एक तास पुढे. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेवर चालतात. फोन जवळच्या टॉवरचे ऐकतो, म्हणून पेजमध्ये असताना वेळ हाताने फिनिक्सची लावून ठेवा. हिवाळ्यात हा प्रश्न उरत नाही.

१३. नवाहो प्रदेशात काही वेगळे नियम आहेत का? मॉन्युमेंट व्हॅलीत आपली गाडी नेता येते का?

नियम आहेत, आणि ते पाळले जातात. दारू विकणे, पिणे, बाळगणे सगळेच मना. वाइन प्यायची असेल तर ती सांता फेला पोहोचल्यावरच घ्या. ड्रोन उडवू नका. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. होपी गावांत तर फोटो, ध्वनिमुद्रण आणि रेखाटनही चालत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा फेरा कच्चा आहे. गाडी नेता येते, पण भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला मनाई असते. चाक रुतले तर खर्च तुमचा. नवाहो वाटाड्याच्या उघड्या गाडीतून जा. तो खासगी गाड्यांना बंद असलेल्या भागातही नेतो, आणि धूळ खाल्ल्याचे सार्थक होते.

चिन्लीजवळच्या कॅनियन द शेला कडेच्या रस्त्यांवरून स्वतः फिरता येते. स्पायडर रॉक हा सातशेहून अधिक फूट उंच सुळका संध्याकाळी बघा. खालच्या खोऱ्यात आजही नवाहो कुटुंबे शेती करतात, म्हणून तिथे वाटाड्या लागतो.

१४. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. न्यू मेक्सिकोत जेवण मागवले की लाल की हिरवी असे विचारतात. हा प्रश्न मिरचीच्या रश्शाचा. दोन्ही हवे असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे. हिरव्या मिरचीच्या रश्शात बरेचदा डुकराचे मांस असते आणि घोटलेल्या घेवड्यात चरबी, म्हणून ‘लार्ड आहे का’ असे स्पष्ट विचारा. नवाहो तळलेली रोटीही कधी कधी चरबीत तळतात. निळ्या मक्याचे एन्चिलादा चीज घालून मागवा, वर मधासोबत सोपापिया. ही पुरीची फुगीर अमेरिकन बहीण आहे.

केएंटा-चिन्ली पट्ट्यात पर्याय फारच कमी. भडंग, दशम्या, मेतकूट, लोणचे सोबत असू द्या. भारतातून आणलेली किटली तिथल्या ११० व्होल्टवर धड तापत नाही, तिथलीच घ्या. खोलीत फोडणी करू नका, धुराचा भोंगा सगळे मोटेल जागे करतो. त्या मोटेलचा मालक गुजराती निघण्याची शक्यता चांगली आहे, पण तोही रागावतो.

१५. जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी आहे. पावसाची खरेच भीती आहे का?

आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर तिथला मॉन्सून. आपल्यासारखी झड नसते. दुपारी ढग येतात, तासभर कोसळतात, आणि तापलेली कडक जमीन पाणी मुरू देत नाही. सगळे पाणी कोरड्या ओढ्यांत आणि घळींत उतरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये असेच पाणी येऊन ११ पर्यटक गेले. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. म्हणून टूर रद्द झाली तर वाद घालू नका.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, ते बहुधा तासा-दोन तासांत ओसरते. अडथळे ओलांडून गाडी पाण्यात घातली आणि सुटका करावी लागली, तर खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदाच अ‍ॅरिझोनात आहे.

टूसॉन ते फिनिक्स महामार्गावर धुळीची भिंत येते ती याच दिवसांत. तेव्हा रस्ता सोडून शक्य तितके बाजूला जा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद का? मागचा चालक तुमच्या लाल दिव्यांना पुढची गाडी समजून त्यांच्या मागे येतो आणि धडकतो.

१६. दागिने घ्यायचे आहेत. घासाघीस चालते का?

सांता फेच्या जुन्या गव्हर्नर वाड्याच्या ओसरीत आदिवासी कारागीर स्वतः केलेले दागिने मांडून बसतात. तिथे घ्या. करणाऱ्याशीच बोलता येते, खडा खरा की बनवलेला हे विचारता येते. तुळशीबागेतली घासाघीस तिथे करू नका. इतर दुकानांत स्वस्त फिरोजा दिसला तर तो कोणी घडवला ते विचारा. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे १९९० च्या संघीय कायद्याने गुन्हा आहे.

१७. लोणार पाहिले आहे. मीटिअर क्रेटरसाठी वाट वाकडी करावी का?

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, हे १.२ किलोमीटरच्या आसपास. आकाराने आपले मोठे. पण हे जेमतेम ५०,००० वर्षांचे आणि कोरड्या हवेतले, त्यामुळे कडा कालच फुटल्यासारख्या दिसतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. भूगोलाची आवड असेल तर सेडोनाच्या उत्तरेच्या फ्लॅगस्टाफहून अर्धा दिवस काढा, नसेल तर सोडा. वेगासचेही तसेच. ते वाईट नाही, पण निवांतपणाशी त्याचा संबंध नाही.

१८. आम्ही सीमा ओलांडत नाही. मग पासपोर्ट कशाला?

कारण व्हाइट सँड्सहून लास क्रूसेसकडे जाताना महामार्ग ७० वर सीमा गस्त दलाचे तपासणी नाका आहे. देशाच्या आतच, पण सगळ्या गाड्या थांबवतात आणि नागरिकत्व विचारतात. पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड असेल तर ते, सगळे मूळ स्वरूपात जवळ हवे, आणि आय-९४ या प्रवेशनोंदीची प्रतही. बॅगेत तळाशी नको. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आय-७९७ हे मंजुरीपत्रही ठेवा. विचारतील तेवढेच सांगा, दोन मिनिटांत सोडतात.

१९. व्हाइट सँड्सला पोहोचलो आणि रस्ताच बंद असला तर?

असे होते. पार्क क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी क्षेत्राच्या कुशीत आहे. चाचणीच्या वेळी महामार्ग ७० आणि कधी पार्कचा रस्ताही अडवतात, बहुधा तास-दीड तास, क्वचित जास्त. बंदच्या सूचना पार्कच्या संकेतस्थळावर आधी येतात. आदल्या संध्याकाळी बघा, आणि प्रश्न २ मधल्या सल्ल्याप्रमाणे जवळच्या अ‍ॅलामोगॉर्डोला दोन रात्री असाल तर सकाळ हुकली तरी संध्याकाळ हातात राहते. ही वाळू जिप्समची असल्याने भर उन्हातही फारशी तापत नाही, अनवाणी चालता येते. फक्त गाडी कुठे लावली ती दिशा लक्षात ठेवा. टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि पावलांचे ठसे वाऱ्याने पुसले जातात.